थायरॉइड कमी, म्हणून ऐकू कमी?

थायरॉइडची गोळी हल्ली घरोघरी आहे. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, पाण्याबरोबर घ्यायची ती बारीक गोळी. मुंबई, गोवा, दिल्ली, चेन्नई यांसह देशातल्या आठ ठिकाणी प्रौढांचं रक्त तपासून केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ११ टक्के लोकांचा थायरॉइड कमी निघाला. म्हणजे दहा जणांच्या घरात एक जण, असंच धरून चाला.

वजन वाढणं, केस गळणं, थंडी न सोसणं, पाळीचा गोंधळ, बद्धकोष्ठ, सतत थकवा ही लक्षणांची यादी आता बहुतेकांना पाठ आहे. कान मात्र त्या यादीत नसतो. त्यामुळे टीव्हीचा आवाज वाढत जातो, फोनवर “काय म्हणालीस? परत सांग” सुरू होतं, आणि घरातले म्हणतात, “हिचं लक्षच नसतं.”

थायरॉइडचा आणि ऐकण्याचा संबंध आहे का? आहे, आणि चांगला पक्का आहे. पण तो सगळ्यांच्या बाबतीत सारखा नाही. हार्मोनची कमतरता आयुष्यात कधी आली, आईच्या पोटात असताना की पन्नाशीत, यावर कानाचं किती बिघडतं आणि किती सुधारतं हे बरंचसं ठरतं. या लेखातली एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ.

तक्रार जुनीच आहे

लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने १८८३ साली ‘मिक्सिडीमा’ या आजारावर एक समिती नेमली. मिक्सिडीमा म्हणजे थायरॉइड फारच कमी झाल्यावर चेहरा आणि कातडी सुजल्यासारखी होणं. समितीने शंभरावर रुग्णांच्या नोंदी गोळा केल्या आणि १८८८ साली अहवाल दिला. मंद बोलणं, घोगरा आवाज, विसरभोळेपणा यांच्या जोडीला ऐकू कमी येण्याचीही नोंद त्यात आहे. तेव्हा रक्ततपासणी नव्हती आणि औषधही नव्हतं. १८९१ साली जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका बाईंना बरं केलं आणि तिथून उपचाराची वाट सापडली.

आज टीएसएच, म्हणजे थायरॉइडची नेहमीची रक्ततपासणी, शंभर रुग्णांतल्या नव्वदांची वेळच्या वेळी होत असेल, पण कान तपासून घ्या असं त्यांतल्या किती जणांना कोणी सांगतं? मला ही मोठी उणीव वाटते.

थायरॉइड कमी होतो म्हणजे काय

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली ही ग्रंथी असते. ती अन्नातलं आयोडीन घेऊन टी-४ आणि टी-३ ही दोन हार्मोन्स बनवते. पेशींनी किती वेगाने काम करायचं, हे त्यांच्यावर अवलंबून असतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी रक्तातल्या या हार्मोन्सवर नजर ठेवते. हार्मोन्स कमी पडली की पिट्युटरी थायरॉइडला ‘अजून बनव’ असा निरोप धाडते. तो निरोप म्हणजे टीएसएच. म्हणून रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेला आणि टी-४ कमी दिसला की थायरॉइड मंदावला असं डॉक्टर म्हणतात. शास्त्रीय नाव हायपोथायरॉइडिझम.

प्रौढांत याचं नेहमीचं कारण हाशिमोटोचा आजार. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करते. हाकारु हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली तो प्रथम नोंदवला.

कान ऐकतो कसा

बाहेरून आलेला आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो. पडद्यामागे मधल्या कानातली तीन इवलीशी हाडं तो पुढे आतल्या कानात पोचवतात. तिथे अडीच वेढ्यांची, पाण्याने भरलेली एक नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. नळीत साधारण पंधरा हजार केसपेशी रांगेत उभ्या असतात. पाणी हललं की त्यांच्या टोकांवरचे सूक्ष्म केस वाकतात, विजेचा इशारा तयार होतो आणि तो नसेमार्फत मेंदूकडे जातो. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

आता केसपेशी वाकल्यावर वीज येते कुठून? इथे सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. खालचा पंप टाकी भरून ठेवतो, म्हणून घरातला नळ सोडल्याबरोबर पाणी जोरात येतं. नळाला स्वतःची मोटर नसते. केसपेशी म्हणजे हे नळ. आणि पंप म्हणजे कॉक्लियाच्या भिंतीतला रक्तवाहिन्यांनी भरलेला एक पट्टा. तो रात्रंदिवस पोटॅशियम ढकलून आतल्या द्रवात सुमारे ८० मिलिव्होल्टचा दाब टिकवतो. केसपेशीचं दार किंचित उघडलं की या दाबाने पोटॅशियम आत घुसतं आणि इशारा तयार होतो.

या पंपाला अखंड ऊर्जा लागते, आणि पेशींमधले असे पंप किती जोमाने चालायचे यावर थायरॉइड हार्मोनचा थेट प्रभाव असतो. हार्मोन कमी असलेल्या प्राण्यांच्या कॉक्लियात हा दाब उतरलेला आढळला आहे. पंप मंदावला, टाकी अर्धी राहिली, की नळ धड असूनही धार बारीक येते.

मोठेपणी थायरॉइड मंदावला, तर कानात काय होतं

एकच एक बिघाड होत नाही. मधल्या कानापासून मेंदूपर्यंतच्या वाटेवर तीन-चार जागी थोडंथोडं बिनसतं.

हार्मोन कमी पडलं की त्वचेखाली आणि अस्तरांत हायल्युरॉनिक आम्लासारखे पदार्थ साठतात, आणि ते पाणी धरून ठेवतात. चेहरा सुजतो आणि आवाज घोगरा होतो तो यामुळेच. मनगटातली नस दाबली जाऊन बोटांना मुंग्या येतात, त्यातही याचा वाटा असतो. तशीच सूज नाकामागून मधल्या कानात जाणाऱ्या नळीच्या अस्तराला आली, तर कान दडे बसल्यासारखा वाटतो. या बिघाडात आवाज आतपर्यंत पोचतच नाही. शिवाय वर सांगितलेला पंप मंदावतो. आणि कानाकडून मेंदूकडे जाणारा इशाराही सावकाश जातो. डोक्याला तारा चिकटवून करतात त्या ‘बेरा’ तपासणीत हा उशीर मोजता येतो.

ही ऐकण्यातली घट बहुधा दोन्ही कानांत सारखी, हळूहळू आणि सौम्य ते मध्यम असते. काहींना कानात गुंईऽऽ असा आवाज येत राहतो, काहींना तोल गेल्यासारखं वाटतं. किती टक्के रुग्णांना हे होतं याचे आकडे मात्र फार वेगवेगळे सांगितले जातात. अनेक अभ्यास एकेका रुग्णालयातल्या थोड्याच रुग्णांवर झालेले आहेत, आणि रुग्णालयात आधीच जास्त त्रास असलेले लोक पोचतात. त्यामुळे ‘थायरॉइडच्या निम्म्या रुग्णांना बहिरेपण’ असा मथळा कुठे दिसला, तर घाबरून जाऊ नका.

“ऐकू येतं, पण कळत नाही”

ही तक्रार नीट ऐकून घ्यायला हवी, कारण निदान बरेचदा तिच्यातच असतं. मराठीतले स्वर जाड, खालच्या पट्टीचे असतात आणि बोलण्यातला जोर त्यांच्यातून येतो. पण स, श, ख, थ, फ यांची ओळख पटवणारी हवेची फुसफूस वरच्या पट्टीत असते, २००० हर्ट्झच्या वर. वरची पट्टी गेली की समोरचा बोलतोय हे कळतं, पण भाजीवाला ‘साठ’ म्हणाला की ‘आठ’ हे कळत नाही. शांत खोलीत निभावून जातं. लग्नाच्या हॉलमध्ये, लोकलमध्ये, सगळे एकदम बोलत असताना पार गोंधळ उडतो.

हे ऑडिओमेट्रीच्या कागदावर स्पष्ट दिसतं. हेडफोन लावून बसवतात, बारीक ‘टूं’ ऐकू आला की बटण दाबायचं. कागदावर आडव्या रेषेवर २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे आकडे असतात, म्हणजे डावीकडे जाड आवाज आणि उजवीकडे बारीक. उभ्या रेषेवर डेसिबल, वरून खाली वाढत जाणारे. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. खुणा २५ डेसिबलच्या वरच्या भागात राहिल्या तर साधारणपणे ठीक मानतात. जितक्या खाली घसरतील तितकं कमी ऐकू येतंय.

मग कानामागच्या हाडावर एक छोटा तुकडा टेकवून पुन्हा तेच करतात. हाडावाटे छान ऐकू येतं आणि हेडफोनमधून कमी, असा फरक पडला तर दोष मधल्या कानात. दोन्हीकडून सारखंच कमी असेल तर दोष आतल्या कानात किंवा नसेत. रिपोर्टवर ‘सेन्सरीन्यूरल’ लिहिलेलं असतं ते या दुसऱ्या प्रकाराला. वीस-पंचवीस मिनिटांची ही तपासणी आहे, सुई नाही, दुखत नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत, शिवाय बहुतेक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात ती होते.

“वय झालं, ऐकू कमी येणारच”

हा आक्षेप खरा आहे. थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण वयाबरोबर वाढतं आणि ऐकू कमी येण्याचंही. साठीच्या माणसात दोन्ही सापडले म्हणजे एकामुळे दुसरं झालं असं नाही. त्यात मधुमेह असतो, वर्षानुवर्षं यंत्रांच्या किंवा डीजेच्या दणदणाटात काम झालेलं असतं, कधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो. त्यामुळे थायरॉइडचा रुग्ण म्हटला की कानाचं सगळं खापर थायरॉइडवर फोडणं चूक.

पण उलटी चूक जास्त दिसते. मंद थायरॉइडने माणूस सुस्त होतो, प्रतिसाद उशिरा देतो, विसरतो. नीट ऐकू न येणारा माणूसही बाहेरून अगदी तसाच दिसतो. आजीला ‘भ्रमिष्ट’ ठरवण्याआधी टीएसएच आणि ऑडिओमेट्री या दोन्ही गोष्टी झाल्याच पाहिजेत. चाळिशीत, तिशीत दोन्ही कानांनी ऐकू कमी येत असेल आणि कारण सापडत नसेल, तर टीएसएच बघायलाच हवा.

बाळाच्या बाबतीत गोष्ट वेगळीच आहे

मोठ्या माणसात टाकी, नळ, पाइप सगळं बांधून झालेलं असतं, फक्त पंप मंदावतो. पोटातल्या बाळाच्या कानाचं बांधकामच चालू असतं आणि ते वेळापत्रकाप्रमाणे पुढे सरकायला थायरॉइड हार्मोन लागतं. उंदरांवरच्या प्रयोगांत हे फार स्पष्ट दिसलं. जन्मानंतरचे पहिले दोन आठवडे उंदराचा कान घडत असतो. त्या काळात हार्मोन मिळालं नाही, तर केसपेशींवरचा पापुद्रा वेडावाकडा बनतो. बारीक लहर मोठी करून देणाऱ्या बाहेरच्या ओळींतल्या केसपेशीही कच्च्या राहतात. नंतर कितीही हार्मोन दिलं तरी ते भरून येत नाही. माणसात हाच काळ जन्माआधी येऊन जातो. आणि गर्भारपणाच्या पहिल्या काही महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी पुरेसं काम करत नसते. सगळी भिस्त आईच्या हार्मोनवर आणि आईच्या ताटातल्या आयोडीनवर.

हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्याने याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजली. पावसाने आणि बर्फाने डोंगरउतारावरचं आयोडीन धुऊन नेलं, पिकांत ते उरलं नाही. गावंच्या गावं गलगंडाची, आणि त्यांत जन्मतः मूकबधिर, बुद्धीने मागे राहिलेली मुलं. १९५६ पासून कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनयुक्त मीठ आणि काही भागांत साधं मीठ देऊन पाहिलं. आयोडीन मिळालेल्या भागांत गलगंड झपाट्याने घटला. त्या आधारावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आपल्या डब्यातलं आयोडीनचं मीठ तिथून आलं आहे. एवढ्या स्वस्त वस्तूने इतकी मुलं बहिरेपणापासून वाचल्याची उदाहरणं सार्वजनिक आरोग्यात फारशी नाहीत.

म्हणूनच हल्ली रोजच्या स्वयंपाकात ‘नैसर्गिक’ म्हणून फक्त सैंधव वापरायची जी लाट आली आहे, तिची मला काळजी वाटते. सैंधवात बहुतेक वेळा पुरेसं आयोडीन नसतं. उपासापुरतं ठीक. पण दिवस गेलेल्या किंवा मुलाचा विचार करणाऱ्या बाईच्या ताटात आयोडीनचंच मीठ हवं.

आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईने दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांकडे जावं. गर्भारपणात बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो, सहसा २५ ते ५० टक्क्यांनी. ‘पोटात बाळ आहे, औषधं नकोत’ म्हणून ही गोळी बंद करणं बाळाच्या मुळावर येतं.

काही बाळांची थायरॉइड ग्रंथी जन्मतःच नीट तयार झालेली नसते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अनेक केंद्रांवर झालेल्या अभ्यासात साधारण अकराशे नवजातांमागे एक असं प्रमाण आढळलं. बाळ दिसायला अगदी ठणठणीत असतं, म्हणून टाचेला टोचून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरूनच ते पकडावं लागतं. गोव्याने २००८ साली सरकारी पातळीवर अशी नवजात तपासणी सुरू केली होती. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर बुद्धीचं नुकसान बहुतांशी टळतं. कानाचं मात्र थोडं राहून जातं. फ्रान्समध्ये लहानपणीच उपचार मिळालेल्या अशा मुलांना तरुणपणी विचारलं, तेव्हा ऐकण्याच्या तक्रारी त्यांच्यात इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त होत्या. अशा मुलाला शाळेत जाण्याआधी आणि नंतरही अधूनमधून ऑडिओमेट्री करून घ्यावी. वर्गात मागच्या बाकावर ‘लक्ष नसतं’ अशी तक्रार आली तर आधी कान तपासा.

गलगंड आणि बहिरेपण एकत्र असलं, तरी कारण वेगळं असू शकतं

१८९६ साली इंग्लंडमधल्या डरहॅमच्या व्हॉन पेंड्रेड या डॉक्टरांनी एका आयरिश कुटुंबातल्या दोन बहिणींची नोंद केली. दोघी मूकबधिर आणि दोघींना गलगंड. या विकाराला आता पेंड्रेड सिंड्रोम म्हणतात. त्यामागचं जनुक १९९७ साली सापडलं. ते ज्या प्रथिनाची कृती सांगतं, ते थायरॉइडमध्ये आयोडीन वाहून नेतं आणि आतल्या कानातल्या द्रवाचा समतोल राखतं. एकच दोष, दोन जागी परिणाम. इथे कान हार्मोन कमी पडल्याने बिघडलेला नसतो, त्यामुळे थायरॉइडच्या गोळीने ऐकू येणं परत येत नाही. काही मुलं जन्मानंतरच्या तपासणीत पासही होतात आणि पुढे डोक्याला मार लागल्यावर एकदम ऐकणं घसरतं. अशा मुलांना डोकं आपटेल असे खेळ टाळायला सांगतात.

दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच मुलाला हा विकार होतो. नात्यात लग्न झालं असेल तर ती शक्यता वाढते, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे अजून काही घरांत आहे. कुटुंबात एक मूल जन्मतः बहिरं असेल, तर पुढच्या मुलाआधी जनुकीय सल्ला जरूर घ्यावा.

गोळी सुरू केली की ऐकू येईल का?

मोठ्या माणसाचं उत्तर: काही अंशी, काही जणांना. काही अभ्यासांत गोळी सुरू केल्यावर ऐकणं सुधारलं, काहींत फरक पडला नाही. मधल्या कानातली सूज असेल तर ती उतरण्याची आशा चांगली. त्रास नवा आणि सौम्य असेल तेव्हाही तशीच आशा. केसपेशी गेल्या असतील, तर पंप पूर्ववत झाला तरी तुटलेल्या नळातून पाणी येणार नाही.

थोडा धीर मात्र धरावा लागतो. ही गोळी रक्तात हळूहळू स्थिरावते, म्हणून टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी बघतात. तो जागेवर आल्यावर काही महिन्यांनी पुन्हा ऑडिओमेट्री करून दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. तरीही ऐकू कमी येत असेल, तर श्रवणयंत्र लांबणीवर टाकू नये. ‘थायरॉइड पूर्ण बरा होऊ दे, मग बघू’ असं म्हणत वर्षं जातात, माणूस बोलायचं टाळू लागतो आणि एकटा पडतो.

गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, चहानाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. ऐकू लवकर यावं म्हणून मनाने डोस वाढवू नका. जादा हार्मोनने हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडं ठिसूळ होतात.

टीएसएच जरासाच वाढलाय आणि टी-४ ठीक आहे, अशा ‘बॉर्डरलाइन’ रिपोर्टचं काय? अशा लोकांत कानावर होणाऱ्या परिणामाचा पुरावा बराच कच्चा आहे. केवळ ऐकणं सुधारेल म्हणून गोळी सुरू करण्याइतका तर नाहीच. गोळीचा निर्णय बाकीच्या कारणांवरून होऊ द्या, आणि कानाचा त्रास असेल तर कान स्वतंत्रपणे तपासा.

थांबायचं नाही अशी एक वेळ

सकाळी उठल्यावर एका कानाने एकदम ऐकू येईनासं झालं, किंवा दोन-तीन दिवसांत ऐकणं झपाट्याने गेलं, तर ती तातडीची बाब आहे. थायरॉइडमुळे ऐकण्यात येणारी घट सावकाश होते, अशी झटक्यात होत नाही. सर्दीने दडा बसला असेल म्हणून बरेच जण आठवडा काढतात, आणि नेमका तोच आठवडा मोलाचा असतो. अशा वेळी दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त होतो. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि थायरॉइडची गोळी चालू असल्याचं त्यांना सांगा. टीएसएच नंतर करता येईल.